टी-शर्टाची विद्या

आमच्या कॉलेजांतून हल्ली एक नवे व्रत निघाले आहे. त्याचे नाव 'ओपन सोर्स'. व्रत तसे थोर आहे. संगणकाची आज्ञावली कुलुपात न ठेवता उघड्यावर मांडायची. ज्याला हवी त्याने वाचावी, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी आणि सांभाळणाऱ्याने ती पारखून घ्यावी. आपल्या अँड्रॉइड फोनचा गाभा असलेले लिनक्स असेच हजारो हातांनी घडले आहे. पण या व्रताचे उद्यापन आम्ही प्रमाणपत्राने करतो, आणि माझे भांडण आहे ते त्या उद्यापनाशी.

२०२० सालची गोष्ट घ्या. हॅक्टोबरफेस्ट नावाच्या उत्सवात ऑक्टोबरात चार दुरुस्त्या पाठवणाऱ्यांना टी-शर्ट मिळायचा. त्याची सोपी युक्ती चित्रफितीतून पसरली आणि जगभरच्या प्रकल्पांवर 'दुरुस्त्यां'चा पाऊस पडला. कुणी माहितीच्या पानावर 'अप्रतिम प्रकल्प' एवढेच घुसडले! बिनपगारी राबणारी माणसे हा केर काढून थकली. अखेर, जे प्रकल्प आपणहून सामील होतील तेवढेच धरायचे, असा नियम चालकांना ऐन उत्सवात करावा लागला.

पोरांना तेव्हा पुष्कळांनी शिव्या घातल्या. मी घालणार नाही. ज्याने चार वर्षे नुसती जर्नले उतरवली, दुसऱ्याने लिहिलेली शंभर ओळींची आज्ञावली कधी वाचली नाही, त्याला 'जा, जगाला हातभार लाव' म्हणणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत लोटून काठावरून टाळ्या वाजवणे होय.

कुणी म्हणेल, आमिषाशिवाय मुले हलत नाहीत. असेल. २००५ पासून चाललेल्या 'गूगल समर ऑफ कोड'मध्येही पैसे मिळतातच. पण तिथे प्रत्येकामागे काम तपासणारा, अडल्यास वाट दाखवणारा जाणता माणूस असतो. खोट आमिषात नाही. खोट आहे ती मास्तर गैरहजर असण्यात.

१९९१ साली लिनक्स लिहिणाऱ्या, हेलसिंकीच्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सचा दाखला सारेच देतात. अॅमस्टरडॅमचे प्राध्यापक टॅनेनबॉम मात्र कुणाला आठवत नाहीत. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मिनिक्स रचले आणि त्याची आज्ञावली १९८७ च्या पाठ्यपुस्तकात छापून टाकली. ते पुस्तक वाचून हा दूरचा मुलगा पेटला. १९९२ मध्ये दोघे जाहीर भांडलेही. भांडोत बापडे! शिष्याला भांडता यावे इतके शिकवतो, तोच गुरू.

तेव्हा प्राध्यापकहो, प्रमाणपत्रे राहू द्या. एका सत्रात एकच प्रकल्प घ्या. पहिला महिना नुसते वाचायला लावा. मग एक चूक नीट मांडायला शिकवा, आणि मगच ती दुरुस्त करायला. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस मराठीत आहेत. त्यांतला एखादा बोचरा शब्द बदलणे हेही कामच आहे, आणि तो बोचतो की नाही हे घरची आजीसुद्धा सांगेल. मुलाची पहिली दुरुस्ती परत येईल, त्या दिवशी मात्र त्याच्या शेजारी बसा. शिकवणे तिथूनच सुरू होते.