धर्म, श्रद्धा आणि बुवाबाजी : म्हैसूरच्या दसऱ्याने पुन्हा पुढे आणलेला प्रश्न

म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवर २२ सप्टेंबर २०२५ रोजी ज्येष्ठ कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या हस्ते दसरा महोत्सवाचे उद्घाटन झाले आणि महिनाभर चाललेल्या वादावर पडदा पडला. त्याच वर्षी मे महिन्यात आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराच्या मानकरी ठरलेल्या मुश्ताक यांना कर्नाटक सरकारने निमंत्रण दिले, तेव्हा त्यांच्या साहित्यिक योग्यतेविषयी फारसा आक्षेप नव्हता. देवीवर श्रद्धा नसलेली, अन्य धर्माची व्यक्ती चामुंडेश्वरीच्या पूजेने सुरू होणाऱ्या उत्सवाचा आरंभ कसा करू शकते, हा विरोधकांचा सवाल होता. त्यासाठी मुश्ताक यांच्या २०२३ मधील एका भाषणाचाही आधार घेण्यात आला. कन्नड भाषेला भुवनेश्वरी देवीचे रूप दिल्याने आपल्यासारख्यांना दूर ठेवले जाते, अशी खंत त्यांनी त्या भाषणात व्यक्त केली होती.

हा वाद न्यायालयात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ सप्टेंबरला याचिका फेटाळल्या. अन्य धर्माच्या व्यक्तीने राज्याच्या उत्सवात भाग घेतल्याने कोणाच्याही घटनात्मक हक्काला बाधा येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. चार दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. फीत कापणे वेगळे आणि मंदिरात पूजा करणे वेगळे, हा याचिकाकर्त्यांचा युक्तिवाद तेथे टिकला नाही. कार्यक्रम शासनाचा आहे आणि शासन नागरिकानागरिकांत भेद करू शकत नाही, या मुद्द्यावर न्यायपीठाने भर दिला.

एका उत्सवाचे तीन पदर

न्यायालयीन निकाल लागला, तरी मूळ प्रश्न उरतोच. म्हैसूरच्या दसऱ्यात तीन वेगवेगळे पदर आहेत. चामुंडेश्वरी मंदिरातील पूजाविधी परंपरेने पुजारी करतात. राजवाड्यातील खासगी दरबार वडियार घराण्याचे वारस आपल्या कुलाचाराप्रमाणे भरवतात. तिसरा पदर आहे 'नाडहब्ब' अर्थात राज्योत्सव. सुमारे ७५० किलो वजनाच्या सुवर्ण अंबारीतून देवीची मूर्ती मिरवणारी जंबू सवारी शासनाच्या देखरेखीखाली निघते. राजा वडियार यांनी १६१० मध्ये श्रीरंगपट्टण येथे हा उत्सव सुरू केल्याचे मानले जाते. १९२६ ते १९४१ या काळात संस्थानचे दिवाण असलेले सर मिर्झा इस्माईल यांचा दसरा सोहळ्यातील सहभाग आणि २०१७ मध्ये कवी के. एस. निसार अहमद यांनी केलेले उद्घाटन पाहता २०२५ ची घटना अभूतपूर्व नव्हती.

पहिला पदर धर्माचा आहे, दुसरा कुळाच्या श्रद्धेचा आणि तिसरा नागरिकांचा. हे पदर एकमेकांत गुंतल्यानेच उत्सवाला वैभव येते आणि त्यांची सरमिसळ झाली की वाद पेटतो.

म्हैसूर राज्याचा जुना खटला

ही सरमिसळ सोडवण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न तत्कालीन म्हैसूर राज्याच्याच एका खटल्यात झाला होता. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील मुल्की येथील वेंकटरमण मंदिर गौड सारस्वत ब्राह्मणांचे. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेला हा कोकणीभाषक समाज मराठी वाचकांना परका नाही. मंदिरप्रवेश कायद्यानुसार सर्व हिंदूंना प्रवेश द्यावा लागेल का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १९५७ च्या निकालात न्यायालयाने मंदिर विशिष्ट संप्रदायाचे असल्याचे मान्य केले. मात्र सर्व हिंदूंच्या प्रवेशाचा हक्क संप्रदायाच्या हक्कापेक्षा वरचढ ठरवला. काही ठरावीक विधींपुरती उपस्थिती संप्रदायाच्या लोकांपुरती मर्यादित ठेवण्याची मुभा तेवढी कायम राहिली.

त्याआधी १९५४ मध्ये उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात धर्माची व्याख्या करण्याचा प्रयत्न झाला होता. धर्म म्हणजे केवळ मनातील विश्वास नव्हे, आचारविधीही त्यात येतात. शिवाय ईश्वर मानणे ही धर्माची अट नाही, बौद्ध आणि जैन परंपरा याची साक्ष आहेत, असे त्या निकालाचे सार आहे. समान श्रद्धा, समान संघटना आणि वेगळे नाव ही धार्मिक संप्रदायाची लक्षणे ठरली. त्याच कसोटीवर १९८२ मध्ये श्री अरविंदांची शिकवण हा धर्म नसून तत्त्वज्ञान आहे, असे बहुमताने ठरले. तर १९८३ मध्ये आनंदमार्गाला संप्रदाय म्हणून मान्यता मिळाली, पण रस्त्यावरील तांडवनृत्य त्याचा अत्यावश्यक भाग मानले गेले नाही.

व्यक्ती विरुद्ध समूह

या साऱ्या खटल्यांत समूहाचे हक्क केंद्रस्थानी होते. व्यक्तीची श्रद्धा समूहाच्या अधिकाराला भिडते तेव्हा काय होते? बानू मुश्ताक यांनी हा अनुभव स्वतः घेतला आहे. मशिदीत स्त्रियांना प्रवेश असावा ही भूमिका घेतल्यामुळे २००० साली त्यांना सामाजिक बहिष्काराला तोंड द्यावे लागले. पंचवीस वर्षांनी त्यांच्या उपस्थितीला दुसऱ्या धर्माच्या नावाने विरोध झाला. दोन्ही वेळी प्रश्न एकच होता : श्रद्धेच्या सीमा कोणी आखायच्या?

महाराष्ट्रालाही हा प्रश्न नवा नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजातून बहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. बहिष्काराचा अधिकार हा धर्माच्या व्यवस्थापनाचा भाग आहे, असे बहुमताचे मत पडले. त्या निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला.

पंथ नव्हे, बुवाबाजी

मराठीत 'पंथ' हा आदराचा शब्द आहे. नाथ, महानुभाव आणि वारकरी परंपरांना आपण पंथ म्हणतो. गुरूच्या नावाने चालणाऱ्या शोषणासाठी भाषेने 'बुवाबाजी' हा वेगळा शब्द घडवला आहे. हा भेद कायद्यातही उतरला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. वारी, कीर्तन, भजन, प्रवचन आणि घरातील वा मंदिर, दर्गा, चर्चमधील उपासना यांना त्याने हात लावलेला नाही. चमत्काराच्या दाव्याने फसवणूक करणे, साप-विंचू चावल्यावर औषधोपचारापासून रोखणे, अलौकिक शक्तीच्या नावाखाली लैंगिक शोषण करणे अशी कृत्ये मात्र गुन्हा ठरली. डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडमध्ये हत्या झाली. कर्नाटकनेही २०१७ मध्ये अशाच स्वरूपाचा कायदा केला.

या कायद्यांची कसोटी साधी आहे. माणूस काय मानतो, हे कायदा विचारत नाही. त्या मानण्याच्या आधारे दुसऱ्याच्या शरीरावर, धनावर आणि विवेकावर कोण ताबा मिळवतो, हे विचारतो. मात्र ही कसोटी केवळ एखाद्या भोंदूबाबाला लावून भागणार नाही. प्रश्न विचारणाऱ्याला वाळीत टाकणारा समूह प्राचीन आणि प्रतिष्ठित असला, तरी त्याने घातलेली भीती त्याच जातीची असते. उलट अनुयायी थोडे आणि गुरू नवा असला, तरी जेथे शंका विचारता येते आणि निरोप घेऊन बाहेर पडता येते, त्या समूहाला केवळ नवेपणामुळे संशयित ठरवणे अन्यायाचे होईल.

चामुंडी टेकडीवर त्या दिवशी देवीच्या मूर्तीला फुले वाहिली गेली. मंदिराचे विधी पुजाऱ्यांनीच केले, राजवाड्यातील दरबार आपल्या रीतीने भरला आणि मुश्ताक यांचा धर्मही त्यांच्यापाशीच राहिला. धर्माने आपले विधी जपावेत, शासनाने आपले दार सर्वांना खुले ठेवावे आणि श्रद्धेचा निर्णय व्यक्तीवर सोपवावा, ही विभागणी कागदावर सोपी वाटते. ती प्रत्यक्षात टिकते की नाही, हे आत येऊ पाहणाऱ्याला काय उत्तर मिळते यावर अवलंबून असते. आणि बाहेर पडू पाहणाऱ्याचे काय होते, यावर त्याहून अधिक.