चहूकडे पाणी, तरी बोट जळते कशी?

मालवणीतील एका भगिनीने आम्हाला कळवले आहे की त्यांचा मुलगा मढच्या एका मच्छीमार बोटीवर खलाशी आहे. समुद्रात जळणाऱ्या बोटीचे चित्रण त्यांनी मोबाइलवर पाहिले आणि तेव्हापासून मुलगा समुद्रात गेला की त्यांना झोप लागत नाही. "वादळाची भीती आम्हाला होतीच, पण चहूकडे पाणी असताना बोट जळते कशी?" असे त्या विचारतात.

वेसावे, मढ, मनोरी, गोराई येथे आणि कोकणातील दालदी वस्त्यांत कितीतरी घरांची रोजी समुद्रावर आहे. म्हणून हे उत्तर आम्ही सर्वांसाठी देत आहोत.

बोट म्हणजे पाण्यावरचे एका खोलीचे घर आहे. त्यात स्वयंपाक होतो, माणसे झोपतात, मोबाइल चार्ज होतात. त्याच खोलीला लागून इंजिन, डिझेलची टाकी, बॅटऱ्या आणि नायलॉनच्या जाळ्यांचा ढीग असतो. आपल्या घरात आग लागली तर दाराबाहेर पळता येते. बोटीला ते दार नाही.

सर्वांत जास्त जपावे लागते ते गॅसला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो गळला तर खाली फरशीलगत पसरतो आणि दारे-खिडक्या उघडल्या की निघून जातो. बोटीत तो तळाशी उतरून साचतो, कारण तळाला खिडकी नसते. मग पंपाचे बटण दाबताच उडालेली एक ठिणगीही पुरते.

दुसरे कारण विजेचे. खाऱ्या हवेने तारांची टोके गंजतात, जोड सैल होतात आणि सैल जोड तापतो. परदेशात खासगी बोटी ज्या बंदरांत ओळीने बांधून ठेवतात, तेथेही आगीचे मोठे कारण विजेच्या जोडण्या हेच असते. आपल्याकडे एका बॅटरीवर दिवे, वायरलेस, मासे शोधण्याचे यंत्र आणि वर आठ-दहा जणांचे चार्जर लावले जातात.

तिसरे कारण इंजिनाचे. डिझेल पेट्रोलसारखे चटकन भडकत नाही. मात्र नळीला चीर पडून त्याचा फवारा तापलेल्या सायलेन्सरवर उडाला, तर ते पेटते. जवळ तेलकट चिंध्या असतील तर आग वाढायला वेळ लागत नाही.

चौथे कारण विडी-सिगारेट. १९ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री विशाखापट्टणमच्या मासेमारी बंदरात तिसाहून अधिक बोटी जळाल्या. शेजारच्या बोटीवरील जाळ्यावर पडलेल्या सिगारेटच्या थोटकातून आग सुरू झाली, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. बोटी एकमेकींना खेटून बांधलेल्या होत्या, त्यांत डिझेल आणि गॅसचे सिलिंडर होते. चूक एका बोटीवर झाली आणि शेजारच्या कितीतरी घरांची रोजी गेली. वेसाव्याच्या खाडीतही बोटी अशाच खेटून उभ्या असतात. म्हणून हा प्रश्न एका नाखव्याचा नाही, साऱ्या धक्क्याचा आहे.

आपल्या किनाऱ्यावरचे ताजे उदाहरण २८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटेचे आहे. अलिबागजवळ आक्षीच्या समुद्रात एका मच्छीमार बोटीला आग लागली. बोटीचा बराचसा भाग जळाला. पण त्यावरील १८ जण सुखरूप वाचले.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ मात्र असे झाले नाही. २ सप्टेंबर २०१९ रोजी 'कन्सेप्शन' या बोटीवर खाली झोपलेले ३४ जण पहाटे मरण पावले. रात्री कोणीही जागे राहून पहारा देत नव्हते, असा ठपका तपासात ठेवला गेला. झोपण्यापूर्वी घरातला विस्तव विझवावा, ही शिकवण आपल्या घरांत पूर्वापार आहे. बोटीवर तिची गरज घरापेक्षा जास्त आहे.

त्या भगिनीला आमचे सांगणे असे, की मुलगा घरी आला, जेवून निवांत बसला, की त्याला इतके विचारा. सिलिंडर उघड्यावर, वारा लागेल असा ठेवता की खाली कोंडून? स्वयंपाक झाल्यावर शेगडीचीच नव्हे, सिलिंडरचीही कळ बंद करता का? आग विझवण्याचे यंत्र आहे का, त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि ते चालवता कोणाकोणाला येते? लाइफ जॅकेट हाताशी आहेत की जाळ्यांखाली? रात्री कोण जागे असते?

तेलाच्या किंवा विजेच्या आगीवर पाणी टाकू नये, हेही त्याला सांगा. पाण्याने जळते तेल पसरते आणि विजेचा धक्का बसू शकतो. अशा वेळी कोरड्या पावडरचे यंत्र वापरावे. इंजिनाच्या खोलीतून धूर येत असेल तर झाकण एकदम उघडू नये; आत हवा गेली की आग उसळते. आधी इंजिन बंद, मग डिझेल बंद, आणि जॅकेट अंगात. समुद्रात असताना तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, धक्क्यावर असताना अग्निशमन दलाचा १०१. हे दोन्ही क्रमांक केबिनच्या दारावर रंगाने लिहून घ्यावेत.

पावसाळ्यात बोटी शाकारून ठेवल्या की धोका संपला, असेही समजू नये. तेव्हाच वेल्डिंग, रंगकाम आणि फायबरचे काम चालते. वेल्डिंगपूर्वी डिझेल, रंगाचे डबे आणि जाळी दूर हलवावीत.

मुलगा म्हणेल, "अम्मी, हे तांडेल बघतो." तर तांडेलालाही विचारायला सांगा. विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. त्या बोटीवर त्याचाही मुलगा किंवा भाऊ असेल.

अल्लाह सर्वांना सुखरूप किनाऱ्याला आणो. आमीन.