जुन्या होडीची विक्री आणि विक्रेत्याचे मौन

उज्जैन येथील फ्रीगंज भागात, टावर चौकातील घड्याळाच्या मनोऱ्यापासून थोड्याच अंतरावर राहणाऱ्या एका वसईकर कुटुंबाचे पत्र आमच्यापुढे आहे. चाकरीनिमित्त हे कुटुंब पुष्कळ वर्षांपूर्वी माळव्यात जाऊन स्थायिक झाले. क्षिप्रेच्या काठी त्यांचे बरे चालले आहे; परंतु वडिलांची शिडाची एक लहान होडी नायगावच्या खाडीकाठी अजून उभी आहे. वडील गेल्या वर्षी देवाघरी गेले. होडी चालविणारे घरात कोणी उरले नाही, म्हणून ती विकण्याचे ठरले.

गिऱ्हाइके दोन आली. एक गावचा जुना कोळी. त्याने होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिले, आणि थोडकी किंमत सांगितली. दुसरे मुंबईचे एक गृहस्थ. सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन खाडीत फिरावे अशी त्यांना हौस आहे, आणि ते कोळ्याच्या जवळजवळ दुप्पट देण्यास तयार आहेत. मध्यस्थाचा सल्ला असा की, होडीस नवा रंग द्यावा, शहरी गृहस्थांस ती विकावी आणि काही बोलू नये. कारण बोलण्यासारखे काही आहे. कण्याजवळची एक फळी किड्याने पोखरली होती. वडिलांनी तिच्यावर पत्रा ठोकून वरून डांबर लावले होते, आणि ही गोष्ट त्यांनी मुलास सांगितली होती. पत्रलेखक विचारतात, "आम्ही खोटे काहीच सांगणार नाही. केवळ गप्प राहिलो तर ते पाप होईल काय?"

प्रश्न प्रामाणिकपणे विचारला आहे, म्हणून आम्ही त्यास सविस्तर उत्तर देत आहो.

प्रथम वस्तू कशी आहे ते पाहू. वसईच्या खाडीत भरती-ओहोटीचा फरक मोठा. उधाणाच्या दिवसांत पाणी दोन पुरुष उंचीने चढते व उतरते, आणि ओहोटीस काठालगत केवळ चिखल उरतो. अशा ठिकाणी खोल बुडाची नाव चिखलात कलंडते. चपट्या बुडाची होडी मात्र चुलीवरच्या तव्यासारखी सपाट बसते आणि भरती आली की आपोआप उचलली जाते. गुडघाभर पाण्यातही ती चालते. पाणजू बेटाकडे जाणारायेणारांना नावेचे महत्त्व सांगावयास नको. परंतु ह्याच गुणाची दुसरी बाजू अशी की, बूड पाण्यात खोल नसल्यामुळे आडव्या वाऱ्यात ही होडी बाजूस घसरते. वारा पाठीशी असता ती सुंदर पळते. वाऱ्यावर चढून जाणे तिला जड जाते. खाडीचे मुख ओलांडून बाहेरच्या लाटांत नेण्यासाठी ती बांधलेलीच नाही.

आता ह्या लाकडास होणारे रोग. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक मऊ, लांबट प्राणी असतो. तो शिंपल्यांच्या जातीचा आहे असे शास्त्रज्ञ सांगतात. पिल्लू असताना तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून लाकडात शिरतो, आत वाढतो, आणि फळीच्या लांबीने बोगदे खणीत जातो. बाहेरून फळी धडधाकट दिसते. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळी झालेली असते. दुसरा शत्रू पावसाचे गोडे पाणी. खारे पाणी लाकडास टिकविते, गोडे पाणी त्यास कुजविते, हे आमच्या कोळी बांधवांस कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक आहे. म्हणूनच ते पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात. तिसरा रोग लोखंडी खिळ्यांचा. खिळा गंजला की त्याच्याभोवतीचे लाकूड काळे पडून मऊ होते, आणि फळी धरून ठेवणारे काहीच राहत नाही. सुती शीड ओले असताना गुंडाळून ठेवले तर तेही असेच कुजते. बोटाने दाबले असता फाटते.

ह्या सर्वांवर रंगाचा हात फिरविला म्हणजे होडी नव्यासारखी दिसते. विक्रीच्या आधल्या आठवड्यात दिलेल्या रंगाविषयी आमचे मत चांगले नाही. त्याने लाकडाचे रक्षण होत असेलही. पण त्या घाईच्या दिवसांत तो बहुधा दुसऱ्याच कामासाठी दिलेला असतो.

मौनाच्या प्रश्नावर आपला देशी कायदा काय म्हणतो ते पाहणे मनोरंजक आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमात कपटाची व्याख्या आहे, आणि तिच्याखाली एका घोड्याची उदाहरणे दिलेली आहेत. एक मनुष्य लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्यास ठाऊक असते, पण तो बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. परंतु घेणारी त्याचीच नुकती वयात आलेली मुलगी असेल तर? तर नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणाऱ्याने जर म्हटले की, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा चांगला आहे असे समजेन," तर तेथे गप्प राहणे हे बोलण्यासारखेच होय.

मध्यस्थाने ह्यांतील पहिल्याच उदाहरणाचा आश्रय घेतला आहे. त्यास आम्ही दोष देत नाही. त्याची दलाली किमतीवर ठरते. परंतु पत्रलेखकाने मुलीच्या उदाहरणापाशी क्षणभर थांबावे. कायद्याने देखील मान्य केले की, आपल्या माणसाशी गप्प राहून व्यवहार करता येत नाही. मग आपले माणूस कोण, एवढाच प्रश्न उरतो. आणि तो प्रश्न एका शास्त्र्याने प्रभू येशूस विचारला होता. यरीहोच्या वाटेवरील त्या शोमरोनी प्रवाशाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. तिच्यानंतर "तो मुंबईचा अनोळखी गृहस्थ आहे" हे कारण आपल्यापाशी उरत नाही.

ख्रिस्तसभेच्या थोर आचार्यांनी ह्या विषयाचा खल फार पूर्वी केला आहे. १२७४ साली निवर्तलेल्या संत थॉमस अक्वायनस ह्यांनी आपल्या 'सुम्मा' ह्या महाग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक संपूर्ण प्रश्न वाहिलेला आहे. त्यांचा निर्णय व्यवहाराला धरून आहे. दोष उघड दिसणारा असेल, उदाहरणार्थ घोडा एकाक्ष असेल, आणि किंमत त्या मानाने कमी केली असेल, तर विक्रेत्याने डांगोरा पिटण्याची गरज नाही. पण दोष लपलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्याचे नुकसान अथवा त्यास धोका होण्याजोगा असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. न सांगणारा अन्याय करतो. संतांनी असेही म्हटले आहे की, विक्रेत्यास दोष ठाऊक नसेल तर त्यास पाप लागत नाही. मात्र पुढे कळून आले म्हणजे त्याने भरपाई करून द्यावी.

आणि एक गोष्ट. बाजारभाव उद्या उतरणार आहे, मागून दुसरा माल येत आहे, हे सांगण्यास न्यायाने विक्रेता बांधलेला नाही, असे तेच आचार्य म्हणतात. सांगितले तर ती अधिक थोरवी. तेव्हा आमच्या पत्रलेखकाने "हल्ली इंजिनाच्या फायबरच्या होड्या निघाल्या आहेत, शिडाच्या होडीस फारसे कोणी विचारीत नाही" असे स्वतः होऊन सांगत बसण्याचे कारण नाही. ते गिऱ्हाइकाने चौकशी करून जाणावे. बुडाची फळी ही गोष्ट वेगळी आहे.

येथे आम्हांस एक भर घालावीशी वाटते. दोष उघड की लपलेला, हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांवरही अवलंबून असते. गावच्या कोळ्याने होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि कमी किंमत सांगितली. बहुधा पत्र्याचा उंचवटा त्याच्या नजरेतून सुटला नसावा. त्याच्यापुढे फळी जवळजवळ उघडीच होती. मुंबईच्या गृहस्थांपुढे तीच फळी पूर्ण झाकलेली आहे. इतकेच नव्हे, ही होडी खाडीबाहेर नेऊ नये, हे जे कोळ्याच्या पोरासही कळते, ते त्या गृहस्थांस कळणार नाही. म्हणजे ज्यास कमी ठाऊक त्यास अधिक सांगावे लागते. मध्यस्थाचा सल्ला नेमका उलट आहे: ज्यास कमी ठाऊक त्यासच गाठावे!

टावर चौकात कोणी जुनी स्कूटर विकत घेतली आणि ती दुसऱ्या दिवशी बंद पडली, तर मनुष्य चार शिव्या हासडून ती ढकलीत घरी नेतो. ओहोटीच्या ओढीत, भर खाडीत, पत्रा सुटून पाणी आत आले तर ढकलावयास रस्ता नसतो. आणि होडीत मुले असणार, हे विक्रेत्यास आधीच ठाऊक आहे. म्हणून आमचे उत्तर स्पष्ट आहे. सांगावे. मध्यस्थामार्फत नव्हे, स्वतः सांगावे, आणि पावतीवर लिहून द्यावे. शहरी गृहस्थ मागे हटले तर हटू द्यावे. कोळ्याची थोडकी किंमत हीच त्या होडीची खरी किंमत असण्याचा संभव आम्हांस अधिक दिसतो.

विक्रीपूर्वी मात्र पत्रलेखकाने रात्रीच्या गाडीने एकदा वसईस यावे. होडी इतके दिवस दृष्टीआड राहिली आहे; फळी एकच गेली की चार, हे उज्जैनीत बसून कोणास सांगता येईल? जाणत्या सुतारास बरोबर घ्यावे, ओहोटीस होडी उघडी पडली म्हणजे पत्रा काढवावा, टोच्याने कण्याच्या दोन्ही अंगांस टोचून पाहावे, लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे. होडी उन्हात राहून फळ्या आकसल्या असतील तर पाण्यात घातल्यावर पहिल्या दिवशी ती गळेल. त्यात घाबरण्यासारखे नाही, लाकूड फुगले की सांधे मिटतात. दोन-तीन दिवसांनीही गळती थांबली नाही तर मात्र जाणावे. फळी बदलून भागत असेल तर बदलावी आणि तो खर्च किमतीत धरावा. कणाच गेला असेल, तर ती होडी म्हणून कोणासही विकू नये. मोडून लाकूड, नांगर, वल्ही व डोलकाठी निरनिराळी विकावी. पैसे थोडे येतील. वडिलांच्या हातची होडी मोडताना जीव तुटेल, हेही आम्ही जाणतो.

पत्रात "आम्ही दोघे भाऊ पैसे वाटून घेणार" असे एक वाक्य ओघात आले आहे. वडिलांनी मृत्युपत्र केले नव्हते, आई हयात आहे आणि दोन बहिणी लग्न होऊन गेल्या आहेत, असेही त्याच पत्रावरून समजते. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत अशा वेळी विधवेचा एकतृतीयांश, आणि उरलेल्यात मुलगे व मुली ह्यांचा सारखा वाटा असतो. लग्नात हुंडा दिला, दागिने दिले, म्हणून तो वाटा बुडत नाही. होडी ही काही मोठी इस्टेट नव्हे. पण तीत पाचजणांचा वाटा आहे, आणि ती विकावी की नाही हे आईस व बहिणींस अद्याप कोणी विचारलेले दिसत नाही.

शेवटी त्यांनी विचारले आहे की, होडीस दरवर्षी धर्मगुरूंचा आशीर्वाद मिळत असे, नाळेवर लहानसा क्रूस ठोकलेला आहे, त्याचे काय करावे. आशीर्वादाची किंमत धरून भाव वाढविता येत नाही. तो विकण्याचा पदार्थच नव्हे. खरेदीदार आपल्यापैकी असेल आणि त्याची इच्छा असेल तर क्रूस आहे तेथे राहू द्यावा. नसेल तर तो काढून आईपाशी द्यावा.