हाक कोणाची, साक्ष कोणाची?

भीमाशंकरच्या डोंगरउतारांवर वसलेल्या महादेव कोळी वाड्यांतील माणसे भाताची कामे आटोपली की मजुरीसाठी खाली उतरतात. कोणी नारायणगावच्या बाजूला टोमॅटोच्या मळ्यांवर जाते, कोणी मंचर-घोडेगावकडे, कोणी थेट पुण्याला. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळचा बटणांचा साधा फोन. मळ्यावरच्या मुलाच्या फोनची बॅटरी उतरली, तर तो मुकादमाच्या फोनवरून घरी हाक मारतो. इकडे पडद्यावर दहा अनोळखी अंक उमटतात. ‘अनोळखी नंबर उचलू नका’ हा उपदेश बँकेने केलेला असतो, सरकारने केलेला असतो आणि शाळेत जाणाऱ्या नातीनेही केलेला असतो. फोन वाजून वाजून बंद पडतो.

प्रसंग वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु तो याच मुलखात फार महाग पडू शकतो. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ती वार्ता बाहेर पोचली ती त्या वाटेने गेलेल्या एस.टी.च्या चालकाला गावच दिसेनासे झाले म्हणून. अशा डोंगरात उद्या तहसील कचेरीने धोक्याचा इशारा फोनवरून दिला, तर तोही बहुधा अनोळखी क्रमांकावरूनच येईल. तो उचलला जाईल काय, हा खरा प्रश्न आहे.

ट्रंक कॉलच्या काळात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला होता. कॉल कोणत्या गावाहून आला आहे हे केंद्रातील ऑपरेटर तोंडी सांगत असे, ‘पी.पी.’ कॉल असेल तर नेमक्या माणसाला बोलावून घेई. ज्यांच्या घरी फोन नव्हता ते शेजाऱ्याचा ‘पी.पी. नंबर’ देत. ओळखीची साक्ष माणूस देत होता. यांत्रिक केंद्रे जाऊन संगणकीय केंद्रे आली तशी ती साक्ष यंत्राकडे गेली. ते यंत्र काय करते हे समजून घेतल्याशिवाय त्याचे दोष कळणार नाहीत.

मोबाईलवरून कॉल लावला की क्रमांक हातातले यंत्र पाठवीत नाही. सिमकार्डावरून कंपनीचे केंद्र आपल्या नोंदवहीत ग्राहक शोधते आणि त्याचा क्रमांक स्वतः कॉलला जोडते. एका केंद्राकडून दुसऱ्याकडे हा क्रमांक आवाजाबरोबर जात नाही. संकेतांची वाट निराळी असते. कोणाला बोलावले, कोणी बोलावले आणि क्रमांक दाखवावा की झाकावा, एवढा मजकूर त्या वाटेने पुढे जातो. जुन्या तारेच्या फोनवर शेवटचे केंद्र हाच मजकूर घंटीच्या आगेमागे सूक्ष्म ध्वनिसंकेतांनी घरातल्या यंत्राला कळवते. या प्रवासात नाव मात्र मुळीच नसते. पडद्यावर जे नाव दिसते ते बहुधा घेणाऱ्याने स्वतःच्या फोनमध्ये लिहून ठेवलेले असते.

नेहमीच्या बऱ्याच तक्रारींचा उगम येथेच आहे. क्रमांक एस.टी.डी. कोडाशिवाय जतन केलेला असला आणि कॉल कोडासह आला, तर काही फोनांना दोन्ही एकच आहेत हे ओळखता येत नाही. मोठ्या कचेरीत पन्नास टेबले असतात, पण बाहेर एकच मुख्य क्रमांक दिसतो. उलट फोन करणाऱ्याला ‘येथून कोणी केला माहीत नाही’ असे उत्तर मिळते. हे दोष त्रासदायक असले तरी निरुपद्रवी आहेत.

घातक दोष दुसराच आहे. पुढचे केंद्र मागच्या केंद्राने सांगितलेल्या क्रमांकावर विश्वास ठेवते. मोजक्या सरकारी दूरध्वनी खात्यांचे जग होते तोवर हा विश्वास सार्थ होता. इंटरनेटवरून कॉल पाठवणाऱ्या असंख्य खासगी यंत्रणा आल्यावर क्रमांक लिहिणारा हात कोणाचा, हेच अनिश्चित झाले. परदेशातून निघालेला कॉल भारतीय क्रमांकाचा मुखवटा लावून येऊ लागला. ऑक्टोबर 2024 मध्ये असे कॉल सीमेवरच अडवणारी यंत्रणा सुरू झाली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच सुमारे 1 कोटी 35 लाख कॉल खोटे म्हणून अडवल्याचे दूरसंचार विभागाने जाहीर केले. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे तीस अवाढव्य ॲन्टेना दूरच्या आकाशगंगांकडून येणारे क्षीण रेडिओ संकेत भोवतालच्या गोंगाटातून निवडून काढतात. त्याच तालुक्यातील म्हातारीला मात्र पन्नास कोसांवरून आलेली हाक खरी की खोटी हे कळण्याची सोय नाही. उणीव विज्ञानाची नाही, व्यवस्थेच्या प्राधान्यक्रमाची आहे.

अर्थशास्त्रात एक जुना सिद्धान्त आहे: खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हुसकावते. फोनच्या क्रमांकाचे नेमके हेच झाले. 2003 पर्यंत मोबाईलवर येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. क्रमांक पाहून माणूस खर्च वाचवी. पुढे गरिबांनी ‘मिस्ड कॉल’ नावाची बिनपैशाची भाषा घडवली. ‘पोचलो’, ‘फोन कर’, ‘गाडी सुटली’ हे सारे एका न उचललेल्या घंटीत मावत असे. ही भाषा क्रमांकावरील विश्वासावर उभी होती. तो विश्वास लुटणाऱ्यांनी संपवला. नुकसान मात्र खरा कॉल करणाऱ्याच्या वाट्याला आले.

यावर बाजाराने आपला तोडगा काढलाच. वापरणाऱ्यांनी पुरवलेली नावे आणि तक्रारी गोळा करून अनोळखी क्रमांकाचे नाव सांगणारी ॲपे निघाली. ज्याचे नाव तेथे लागले त्याची संमती अनेकदा कोणी विचारलेली नसते आणि ज्याच्याजवळ स्मार्टफोन नाही त्याला या सोयीचा उपयोग नाही. सार्वजनिक विश्वास असा खासगी गोदामात साठवून विकण्याची वस्तू होऊ नये.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये ग्राहकाच्या अर्जावरील नाव कॉलसोबत दाखवण्याची शिफारस केली. दिशा योग्य आहे, पण तपशील पाहिला की वर्गभेद उघडा पडतो. ऑक्टोबर 2025 मध्ये प्राधिकरणाने मांडलेल्या भूमिकेनुसार ही सेवा प्रथम 4जी आणि त्यापुढील जाळ्यांवर द्यावयाची आहे. जुन्या 2जी फोनवाल्याने थांबावयाचे. व्यवसायांना नोंदलेले व्यापारी नाव दाखवण्याची मुभा आहे. व्यक्तीचे मात्र अर्जावरचेच नाव. आता किती घरांत बाईच्या हातातील सिम नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर असते, हे खेड्यात राहणाऱ्या कोणालाही विचारावे. ती बाई बोलेल आणि पडद्यावर नवऱ्याचे नाव झळकेल. ही तिची ओळख नव्हे. शिवाय क्रमांक झाकण्याची सवलत आज निवडक बड्या व्यक्तींना आणि सुरक्षा यंत्रणांना मिळते. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या स्त्रीला ती मिळत नाही.

नाव दाखवल्याने लूट थांबेल, त्यासाठी थोडी गैरसोय सोसावी, असे कोणी म्हणेल. परंतु अर्जच दुसऱ्याच्या कागदपत्रांवर भरलेला असेल, तर खोट्या कॉलवर निरपराध माणसाचे नाव उमटेल. नाव हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे कॉल जेथून निघाला तेथील कंपनीने दिलेली हमी. अमेरिकेने 2019 मध्ये कायदा करून कंपन्यांना कॉलवर संगणकीय स्वाक्षरी करण्याचे बंधन घातले, ते याच विचाराने.

म्हणून मागण्या साध्या आहेत. ज्या कंपनीच्या जाळ्यातून खोट्या क्रमांकाचा कॉल शिरेल, तिने बुडालेल्या पैशाची भरपाई करावी. सिम घेणाऱ्याबरोबर वापरणाऱ्या व्यक्तीचेही नाव नोंदवण्याची सोय असावी आणि संकटातील स्त्रियांना नाव झाकण्याचा हक्क असावा. बँका आणि सरकारी संस्थांसाठी राखून ठेवलेली 1600 ची मालिका तहसील कचेरी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत न्यावी. अंक हे सर्वांत स्वस्त बटणांच्या फोनवरही दिसतात. म्हणून हा उपाय सर्वांत लोकशाहीवादी आहे. मात्र तो ग्रामसभेत, आठवड्याच्या बाजारात, लोकांच्या बोलीत समजावून द्यावा लागेल.

हाक मारणारा कोण हे जाणण्याचा हक्क महागड्या फोनाबरोबर विकत मिळणारी चैन नव्हे. रस्ता आणि पाणी यांसारखीच ती सार्वजनिक सोय आहे. ती डोंगरावरच्या शेवटच्या वाडीपर्यंत पोचेपर्यंत ‘अनोळखी नंबर उचलू नका’ हा उपदेश म्हणजे शासनाने आपली जबाबदारी म्हातारीच्या पदरात टाकून मोकळे होणे आहे.