खेळ संपल्यावर कोणती गाडी राहते

दिल्लीच्या उत्तरेकडच्या टेकडीवर महापालिकेचे हिंदूराव रुग्णालय आहे. नाव कागलच्या घाटग्यांचे. हिंदूराव घाटगे हे सर्जेराव घाटग्यांचे चिरंजीव आणि दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाल्यावर त्याची इथली कोठी हिंदूरावांनी घेतली. १८५७ च्या वेढ्यात इंग्रज फौजेने तिथेच मोर्चा धरला होता. टेकडीच्या पायथ्याला सदर बाजाराकडे पसरलेल्या दाट वस्तीला आजही बाडा हिंदूराव म्हणतात. दिल्लीने शंभराहून अधिक वर्षांत पाहुण्यांसाठी केलेल्या प्रवासाच्या सोयी तपासायच्या, तर ही वस्ती चांगले ठिकाण आहे. इथे मैदान नाही, पंचतारांकित हॉटेल नाही. हमाल, दुकानदार आणि रुग्णालयाकडे निघालेले आजारी लोक मात्र रोज आहेत.

अशा सोयींची सुरुवात खेळांच्याही आधीची आहे. टेकडीच्या उत्तरेला माळावर इंग्रजांचे दरबार भरत. १९०३ च्या दरबारासाठी प्रेक्षकांना वाहून न्यायला तात्पुरती छोटी रेल्वे टाकली गेली. समारंभ आटोपला आणि रूळ उचलले गेले. पाहुणा येणार म्हणून रस्ता करायचा आणि तो गेला की मोडायचा, ही सवय या शहराला तेव्हापासून लागली.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १९०८ मध्ये, दिल्लीत ट्राम सुरू झाली. ती कोणत्याही समारंभासाठी नव्हती. जामा मशीद, चांदणी चौक, फतेहपुरी इथून ती सदर बाजार, सब्जीमंडी, तीस हजारी आणि बाडा हिंदूरावपर्यंत जाई. बाजारहाट करणाऱ्यांची ती गाडी पंचावन्न वर्षे टिकली आणि १९६३ मध्ये बंद झाली.

मार्च १९५१ मध्ये पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा दिल्लीत झाल्या तेव्हा ती ट्राम चालू होती. अकरा देश, ४८९ खेळाडू आणि इंडिया गेटजवळचे नॅशनल स्टेडियम, एवढाच तो पसारा. जुन्या दिल्लीची ट्राम त्या मैदानापर्यंत पोचत नव्हती, बससेवा नुकती कुठे उभी राहत होती. दिल्लीत बस चालवण्याचा परवाना पूर्वी ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट या कंपनीकडे होता. तिची सेवा अपुरी पडते असे ठरवून केंद्र सरकारने मे १९४८ मध्ये ती ताब्यात घेतली आणि दिल्ली ट्रान्सपोर्ट सर्व्हिस सुरू केली. आजच्या डीटीसीचे मूळ तिथे आहे. फाळणीनंतर निर्वासितांनी भरलेल्या, तीन वर्षांची सरकारी बससेवा असलेल्या त्या गरीब शहराने स्पर्धा पार पाडली. पाहुण्यांसाठी वेगळा थाट करण्याइतका पैसा नव्हता, हे मला त्या स्पर्धेचे भाग्यच वाटते.

१९८२ ला चित्र पालटले. १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर असे सोळा दिवस नवव्या आशियाई स्पर्धा चालल्या आणि त्यासाठी जवाहरलाल नेहरू स्टेडियम, मूलचंदसारखे उड्डाणपूल, रुंद रस्ते झाले. हे सगळे मुख्यतः दक्षिण दिल्लीत. रेल्वेची एक जुनी मालवाहू वाटही कामाला लावण्यात आली. मालगाड्यांनी नवी दिल्ली आणि जुनी दिल्ली या स्थानकांत गर्दी करू नये म्हणून १९७५ च्या सुमारास रिंग रेल्वे बांधली होती, सुमारे ३५ किलोमीटरची. एशियाडसाठी तिच्यावर प्रवासी गाड्या वाढवल्या, स्थानके नीट केली. नेहरू स्टेडियमशेजारी सेवानगर आणि बाडा हिंदूरावच्या जवळ सदर बाजार व दिल्ली किशनगंज अशी ती स्थानके. कागदावर यापेक्षा चांगली सोय सुचणार नाही: वस्तीजवळ चढा, मैदानाजवळ उतरा. पण स्थानकापर्यंत जायचे कसे, हा प्रश्न स्पर्धेनंतर कुणी हाती घेतला नाही. बस तिथे थांबत नव्हत्या, वाटा अंधाऱ्या होत्या, गाड्या मोजक्या. रिंग रेल्वे आजही आहे आणि दिल्लीच्या बहुतेकांना ती माहीत नाही.

त्याच एशियाडची एक वस्तू मात्र टिकली, आणि ती दिल्लीत टिकली नाही, आपल्याकडे टिकली. खेळाडूंची ने-आण करण्यासाठी महाराष्ट्राच्या एसटीने दिल्लीला गाड्या पुरवल्या होत्या. स्पर्धा संपल्यावर त्या परत आल्या आणि मुंबई-पुणे मार्गावर निमआराम सेवा म्हणून धावू लागल्या. लोकांनी त्यांना एशियाडच म्हटले. लाल डब्यापेक्षा बरी बैठक, परवडणारे तिकीट आणि दादरहून थोड्या-थोड्या वेळाने सुटणारी गाडी, यामुळे नोकरदार, विद्यार्थी, लग्नाची मंडळी तिच्यावर विसंबून राहिली. पुढे ही निमआराम सेवा हिरकणी नावाने ओळखली गेली आणि वातानुकूलित शिवनेरी आली, तरी दादरला एशियाडचा थांबा विचारला तर आजही कुणीही बोट दाखवतो. सोळा दिवसांच्या पाहुणचारासाठी लावलेला पैसा दोन पिढ्यांच्या उपयोगी पडला. याचे श्रेय एसटीचे आहे, कारण गाड्या परत आल्यावर कोणत्या मार्गावर घालायच्या हे तिला ठाऊक होते.

२०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी दिसले. एकीकडे रस्त्यांवर खेळाडूंच्या बससाठी राखीव पट्टे आखले आणि त्यात घुसणाऱ्याला दोन हजार रुपये दंड ठेवला. शाळा-महाविद्यालयांना सुट्टी देऊन रस्ते रिकामे केले. नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल उद्घाटनाला दोन आठवडे उरले असताना, २१ सप्टेंबरला, बांधकाम चालू असतानाच कोसळला. त्याच वर्षी जुन्या दिल्लीतले टांगे बंद झाले. घोड्यांचे हाल होत होते हे खरेच, पण सदर आणि बाडा हिंदूरावच्या गल्ल्यांत ओझ्यासकट माणूस नेणारे ते एक स्वस्त वाहन होते, आणि त्याच्या जागी काय येणार याचा विचार झाला नव्हता. शहर पाहुण्यांपुढे कसे दिसेल याची चिंता त्या वर्षी इतकी होती की राहणाऱ्यांनी फिरायचे कसे, हा प्रश्न मागे पडला.

दुसरीकडे मेट्रो होती. तिची आखणी खेळांसाठी झालेली नव्हती. कोकण रेल्वे बांधणारे ई. श्रीधरन यांच्या हाताखाली १९९८ मध्ये काम सुरू झाले आणि डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी हा पहिला टप्पा धावला. पुढच्या ऑक्टोबरमध्ये तीच लाल मार्गिका वस्तीशेजारच्या पुलबंगशवरून इंद्रलोकपर्यंत गेली. म्हणजे बाडा हिंदूरावला मेट्रो मिळाली ती राष्ट्रकुलच्या सात वर्षे आधी, आणि पाहुण्यांचा काही संबंध नसताना. स्पर्धेने मेट्रोला घाई लावली एवढे खरे. केंद्रीय सचिवालय ते सरिता विहार ही जांभळी मार्गिका नेमकी ३ ऑक्टोबर २०१० ला, उद्घाटनाच्या दिवशी सुरू झाली आणि तिच्यावर नेहरू स्टेडियमचे स्थानक होते. विमानतळाची मार्गिका मात्र स्पर्धेला मुकली, ती फेब्रुवारी २०११ मध्ये आली. त्या उशिरावर तेव्हा किती टीका झाली! आज विमानतळाकडे जाणाऱ्या कुणालाही त्याचे सोयरसुतक नाही, कारण ती मार्गिका रोज चालते.

जांभळी मार्गिका मे २०१७ मध्ये कश्मीरी गेटपर्यंत आली. त्यामुळे आता पुलबंगशला बसलेला माणूस दोन स्थानके जाऊन कश्मीरी गेटला गाडी बदलतो आणि थेट दिल्ली गेटला, फिरोजशाह कोटल्याच्या क्रिकेट मैदानाशी, किंवा तसाच पुढे नेहरू स्टेडियमला उतरतो. सामन्यांच्या रात्री मेट्रो शेवटच्या गाड्या उशिरापर्यंत चालवते. २०२५ च्या सप्टेंबरअखेर जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धा नेहरू स्टेडियमवर झाली, तेव्हा चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या प्रेक्षकासाठी स्थानकात लिफ्ट तयार होती. ती लिफ्ट त्या स्पर्धेपुरती बसवलेली नव्हती, म्हणून तर ती चालू होती.

उणीव उरते ती शेवटच्या टप्प्याची. २०१० मध्ये रग्बीचे सामने दिल्ली विद्यापीठाच्या मैदानावर झाले. ते मैदान हिंदूराव रुग्णालयाच्याच टेकडीलगत आहे. विद्यापीठाच्या मैदानाभोवतीचे रस्ते चकाचक झाले. पुलबंगशला उतरून रुग्णालयाचा चढ चढणाऱ्या रुग्णाला मात्र ई-रिक्षाशी घासाघीस करावी लागते, नाहीतर गर्दीतून चालत जावे लागते. मेट्रोच्या चौथ्या टप्प्यात पुलबंगश आणि घंटाघर इथे भुयारी स्थानके आखली आहेत. त्यातले एक दार रुग्णालयाच्या बाजूला उघडते की नाही, याकडे लक्ष ठेवायला हवे.

रोजची वाहतूकच खेळाच्या दिवशी कामी येते, हे मुंबईकराला समजावून सांगावे लागत नाही. वानखेडे स्टेडियमचा सामना सुटतो आणि चर्चगेट, मरीन लाइन्सच्या लोकल ती गर्दी गिळून टाकतात, कारण त्या लोकल रोज त्याहून मोठी गर्दी वाहतात. १९७५ मध्ये ते मैदान रेल्वेच्या कुशीत बांधले हे शहाणपणच होते. पुण्याचे गहुंजे मैदान द्रुतगती मार्गाला लागून. जवळची लोकल स्थानके बेगडेवाडी आणि देहूरोड, आणि तिथून पुढे सामन्याच्या दिवशी प्रेक्षकाची फरफट ठरलेली. आधी मैदान, मग वाहतूक या क्रमाची किंमत मोटार नसलेला प्रेक्षक मोजतो.

परदेशात याची उत्तरे सापडलेली आहेत. २००६ च्या जर्मनीतल्या विश्वचषकात सामन्याचे तिकीट हेच त्या दिवशीचे स्थानिक प्रवासाचे तिकीट होते. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्येही तिकीटधारकाला दिवसभराचा प्रवास पास मिळाला. यामुळे पाहुणा मोटार काढत नाही, टॅक्सीवाल्याच्या तोंडाकडे पाहत नाही, आणि तो शहरातल्या लोकांच्याच गाडीत बसतो. आपल्याकडे स्मार्ट कार्ड आहे, क्यूआर तिकीट आहे, मोबाइलवर सगळे आहे. तरी बहुतेक ठिकाणी सामन्याचे तिकीट एका खिडकीवर आणि प्रवासाचे दुसऱ्या खिडकीवर.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. आराखडे आता होतील, निविदा आता निघतील. त्यासाठी दोन गोष्टी आजच लेखी मागून घ्याव्यात. सामन्याच्या तिकिटात मेट्रो आणि बसचे भाडे धरलेले असावे. आणि स्पर्धेसाठी घेतलेल्या प्रत्येक बसच्या खरेदीपत्रावर, स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती कोणत्या आगाराची, कोणत्या मार्गाची, याची नोंद असावी.