गाडी ती चालवते, क्लेम कुणाचा?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सोसायटीच्या फाटकातून गाडी मागे घेताना मी ती खांबावर आपटली. मागचं दार चेपलं, बंपर निखळला. मदतीला कुणी धावलं नाही, पण वरच्या मजल्यावरून आवाज मात्र आला, "बाई चालवतेय वाटतं!" त्याच संध्याकाळी मी गाडी नाक्यावरच्या गॅरेजात टाकली आणि डेंटिंग-पेंटिंगचे चौदा हजार रुपये भिशीच्या पैशांतून भरले. नवरा गावाहून यायच्या आत गाडी पूर्वीसारखी दिसली पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. त्या गाडीचा विमा होता. हप्ताही मीच भरत होते. तरी क्लेम करायचं सुचलं नाही. चूक माझी होती ना!

वर्षानुवर्षं बायकांना हक्कांबद्दल सांगत हिंडणाऱ्या बाईची ही कथा. गटाच्या बैठकीत मी ती जरा संकोचूनच सांगितली, तर आणखी चौघी म्हणाल्या, "अगं, मीही असंच केलं." एकीनं तर स्कूटरच्या दुरुस्तीसाठी कानातले मोडले होते.

आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा, ज्याला 'ओन डॅमेज' म्हणतात, तो चूक कुणाची हे विचारत नाही. खांबाला घासली, खड्ड्यात गेली, तुमचंच लक्ष चुकलं, तरी भरपाई मिळते. चालवणाऱ्याकडे वैध परवाना हवा, तो दारू प्यालेला नसावा, गाडी पॉलिसीत लिहिलेल्या कामासाठीच वापरलेली असावी, अशा अटी आहेत. शिकाऊ परवान्यावरही विमा चालतो, मात्र शेजारी परवानाधारक शिकवणारा आणि गाडीवर 'एल' ही पाटी हवी. 'बाईनं चालवू नये' अशी अट कुठल्याही पॉलिसीत नाही. ती आपल्या मनात आहे आणि तिचा हप्ता आपण वेगळा भरतो.

क्लेम न करणं कधीकधी शहाणपणाचंही असतं. क्लेम न केलेल्या वर्षांसाठी हप्त्यात २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते, आणि एका क्लेमनं ती जाते. दोन-तीन हजारांच्या ओरखड्यासाठी ती घालवू नये. पण हा हिशेब कागदावर मांडून करावा, नवऱ्याच्या भीतीनं करू नये. आणि आधी पॉलिसी उघडून पाहावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा केलेला विमा फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा आहे. अनेक स्कूटरींना तेवढाच असतो, आणि त्यात आपल्या दुरुस्तीला एक पैसा मिळत नाही.

आता गॅरेजकडे येऊ. आमच्या गटातली एक मैत्रीण डबे पोचवते. पुण्यात सातारा रस्त्यावर एका टेम्पोनं तिच्या सहा वर्षं जुन्या गाडीला बाजूनं ठोकलं. गॅरेजात सर्व्हेअर आला. गाडी तिच्या नावावर, चालवत होती ती, आणि हा गृहस्थ सगळं बोलत होता सोबत आलेल्या तिच्या दिराशी! दिराला गाडी चालवता येत नाही. इस्टिमेट झालं ४३ हजारांचं, आणि शेवटी गॅरेजवाल्यानं सांगितलं, "ताई, तुमच्या वाटणीचे १६,४०० भरा." कसले, ते कुणी सांगितलं नाही. तिला वाटलं, अपघात केल्याचा दंड असेल.

हा दंड नव्हे, घसारा. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात होते, पाच ते दहा वर्षं जुन्या गाडीला ४० टक्के. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के. काचेवर काहीच नाही. मजुरीवरही नाही. रंगकामाच्या बिलाचा चौथा हिस्सा हा मालाचा धरतात आणि तेवढ्याचेच निम्मे कापतात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला प्रत्येक क्लेममागे पहिले १,००० रुपये आपले. (झिरो डेप्रिसिएशनची पुरवणी जादा पैसे देऊन घेतली असेल तर घसारा सहसा कापत नाहीत.)

आम्ही चौघी तिच्या ओट्यावर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. दाराचे १६,०००, त्यातले ६,४०० कापले, बरोबर. बंपरचे ६,०००, त्यातले ३,०००, बरोबर. मजुरी ९,०००, कपात नाही. पण काचेच्या ४,००० मधून निम्मे गेले होते, आणि रंगाच्या ८,००० मधून एक हजाराऐवजी चार हजार. म्हणजे पाच हजार रुपये जास्तीचे. तिनं अर्ज लिहिला, सर्व्हेच्या अहवालाची प्रत मागितली, अर्जावर पोच घेतली. आठवड्यानं फोन आला, "मॅडम, टायपिंगची चूक झाली होती." पाच हजार कमी झाले. तिच्या डब्यांच्या किती दिवसांची ती कमाई, हे तिनं आम्हाला मोजून दाखवलं.

गॅरेज कोणतं, हे ठरवायचा हक्क विमा घेणाऱ्याचा आहे. कंपनीच्या यादीतलं गॅरेज घेतलं तर बिल परस्पर भागतं, एवढाच फायदा. आपल्या खात्रीच्या मिस्त्रीकडे गाडी नेली तर पैसे आधी आपण भरायचे आणि पावत्या दाखवून परत घ्यायचे. काहीही केलं तरी गाडीची पाहणी झाल्याशिवाय ती उघडू द्यायची नाही. अपघाताच्या जागीच फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा, क्लेमचा नंबर लिहून घ्या. २०२४ च्या नियमांनुसार कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर सात दिवसांत कंपनीनं निर्णय सांगायचा. "साहेब रजेवर आहेत" हे त्यावरचं उत्तर नव्हे.

पण मैत्रिणींनो, हे सगळं झालं गाडी जिच्या नावावर आहे तिच्यासाठी. खरी मेख पुढे आहे.

आमच्या केंद्रावर एक बाई आली होती. नवऱ्यापासून वेगळी राहते, दोन मुलं. गाडीचे हप्ते तिच्या पगारातून गेलेले, पण आरसी बुक आणि पॉलिसी नवऱ्याच्या नावावर, कारण खरेदीच्या वेळी शोरूममध्ये कागद त्याच्यापुढे सरकवले गेले. अपघात झाला तेव्हा गाडी ती चालवत होती. क्लेमच्या फॉर्मवर सही विमाधारकाची लागते, पैसे त्याच्याच खात्यात जातात. त्यानं सही केली नाही. भांडण संसाराचं, आणि अडकली गाडी. दोन महिने ती मुलांना बसनं शाळेत सोडत होती. शेवटी ऑफिसातून उचल घेऊन तिनं दुरुस्ती केली. आमच्याकडे यावर काही जादू नव्हती. पगारातून हप्ते गेले म्हणून क्लेमचा हक्क मिळत नाही.

आपण घर आणि शेत बायकांच्या नावावर व्हावं म्हणून लढलो. गाडीकडे आपलं लक्षच गेलं नाही, ती जणू पुरुषांची चैन. १९७३ पासून जवळजवळ २००० पर्यंत चार सरकारी कंपन्याच वाहनांचा विमा काढत. त्या काळात एजंट म्हणजे नवऱ्याचा मित्र, आणि पॉलिसी कपाटात त्याच्या फायलीत. आता खासगी कंपन्या आल्या, पॉलिसी मोबाईलवर आली. पण मोबाईल त्याचाच!

गाडी नावावर करून घेतली तरी काम संपत नाही. १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसीही नावावर करावी लागते. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर आपोआप येतो, आपल्या नुकसानीचा येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंच हे सांगितलं आहे. वडिलांनी किंवा भावानं दिलेली गाडी वापरणाऱ्यांनी हे आजच पाहावं.

आणि नवरा गेल्यावर? त्याच्या नावाची पॉलिसी मृत्यूनंतर तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तोवरच चालते. त्या तीन महिन्यांत वारसानं मृत्यूचा दाखला देऊन बदल करून घ्यायचा असतो. त्या दिवसांत कुणाला हे सुचणार? दिवसकार्याला आलेल्या शंभर नातेवाइकांपैकी एकानं तरी सांगावं ना. शोकसभेइतकंच हेही आपल्या गटांचं काम आहे, असं मला वाटतं.

सक्तीच्या अपघात विम्याचंही तसंच. २०१८ पासून मालक-चालकासाठी १५ लाखांचं संरक्षण आहे, पण ते मालकालाच. त्याच गाडीच्या स्टिअरिंगवर बसलेली बायको त्यात येत नाही.

राज्यात आता बायका कर्ज काढून रिक्षा घेत आहेत. नावावर वाहन आलं, ही आनंदाची गोष्ट. पण व्यावसायिक वाहनांच्या पॉलिसीत दिवे, टायर, मडगार्ड, बंपर आणि रंगकाम बहुतेक वेळा वगळलेलं असतं. रिक्षाला एरवी मार लागतो तो नेमका याच भागांना! थोडा जादा हप्ता भरून ते घेता येतं, आणि एजंट ते आपणहून सांगत नाही. रिक्षा पूर्ण गेली तर पैसे आधी बँकेचे, हेही कर्जाच्या कागदांवर सही करतानाच कळलेलं बरं.

क्लेम नाकारला किंवा पैसे कमी दिले, तर गप्प बसू नये. सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये म्हटलं. "पूर्ण समाधान झालं" अशा छापील कागदावर दबावाखाली किंवा फसवून सही घेतली असेल तरी दाद मागता येते, हे त्याच न्यायालयानं १९९९ मध्ये सांगितलं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्याला आहेत, फी नाही, वकील लागत नाही. मात्र वर्षाच्या आत जावं. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे, आणि २०२० पासून आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या गाडीचं आरसी बुक आणि पॉलिसी आणायची, असं आमच्या गटात ठरलं आहे. मी माझं काढून पाहिलं. हप्ता माझ्या खात्यातून जातो. नाव अजून त्याचंच आहे. सोमवारी आरटीओत जाणार आहे.