घरदुरुस्तीचे थकीत बिल : कंत्राटदाराच्या हाती काय?

जयपूरच्या सिविल लाइंससारख्या जुन्या बंगल्यांच्या वस्तीत नूतनीकरणाचे बिल थकले, तरी न्यायालयाच्या हुकुमाशिवाय कंत्राटदाराला त्या घरावर बोजा चढवता येत नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्याने असा हक्क १७९१ मध्येच दिला. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० मधील धारणाधिकार मात्र ताब्यात दिलेल्या जंगम वस्तूंपुरताच आहे. त्यामुळे कंत्राटदारापुढे उरतो दिवाणी दावा. त्याची मुदत सर्वसाधारणपणे काम झाल्यापासून ३ वर्षे.

उलट, काम सदोष असल्यास मालकाला २ वर्षांत ग्राहक आयोगाकडे जाता येते. गृहबांधणी ही 'सेवा' असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले होते.

तोंडी व्यवहारात मात्र दोघांचीही बाजू लंगडी पडते. टप्प्यानुसार देयके आणि वाढीव कामाची लेखी मंजुरी, हेच खरे तारण.